दोन दारांची खोली

९ मार्च, सोमवार

सगळं फिरलं ते आज दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी. काउंटरवरचे काका पाण्याचा जग भरायला आत गेले आणि सहीचं रजिस्टर माझ्यापुढे तसंच टाकून गेले. मी उघडलं तर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला. वर तिचं नाव. खाली 'प्रशिक्षणार्थी, प्रगत अभ्यासक्रम, अंतिम वर्ष'. मग 'केस क्रमांक दोन : सोम-बुध-शुक्र, चार वाजता. आवश्यक : सलग बहात्तर आठवडे. पूर्ण : पासष्ट.' आणि तळाशी लाल शाईत, दुसऱ्याच कुणाच्या तरी टोकदार अक्षरात, 'एकही आठवडा कोरा गेल्यास केस रद्द. ही अखेरची संधी.'

सोम-बुध-शुक्र चार म्हणजे मी.

या मानसोपचार केंद्रात बाकावर बसलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, वेळ घेतात. काका मला 'चारवाले' म्हणतात. सव्वा वर्ष मला ते लाडाचं नाव वाटत होतं. आज कळलं की तो तक्त्यातला रकाना आहे.

पहिल्या दिवशी तिने काहीतरी सांगितलं होतं खरं. मी अजून शिकतेय, माझ्या कामावर मोठ्या मॅडमची देखरेख असते, तुमची हरकत नाही ना, वगैरे. कागदावर सहीपण घेतली. मी कुठे ऐकत होतो! मी तिच्या चष्म्याच्या मोडक्या काडीला गुंडाळलेला दोरा बघत होतो.

मागच्या जूनमध्ये मी सोमवार-बुधवार बुडवून शुक्रवारी उगवलो, तेव्हा ती दारातच म्हणाली होती, "मी तुमची वाट पाहिली." या वहीच्या पहिल्या पानावर मी तेवढंच लिहिलंय, भोवती चौकट काढून. माझी कसली वाट पाहते! सत्ताविसाव्या आठवड्याची वाट पाहत होती.

चारला आत गेलो. पन्नास मिनिटं तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी ती म्हणाली, "आज काहीतरी वेगळं आहे."

मी म्हणालो, "नाही, तेच आहे."

११ मार्च, बुधवार

तिच्या खोलीला दोन दारं आहेत, एकामागे एक, मध्ये हातभर जागा. आतल्या दाराला गादी लावलेली, म्हणजे आतलं रडणं बाहेर बाकावर ऐकू जाऊ नये. पहिल्याच दिवशी मी ते रागाने आपटायला गेलो तर 'फस्स' करून मिटलं. इतका अपमान आजवर कुठल्याच दाराने केला नव्हता. बाहेरचं मात्र साधं लाकडी आहे, मस्त आपटतं. पहिल्या दोन महिन्यांत मी ते इतकं आपटलं की चौकटीजवळचा गिलावा पडला. तिथे आता पांढरा डाग आहे. काका म्हणतात ती माझी सही.

तेव्हापासून दारं तीच उघडते आणि तीच लावते.

आत दोन खुर्च्या, थोड्या तिरक्या. घड्याळ माझ्या डोक्यामागे, तिच्यासमोर. मला वाटायचं ती माझ्या केसांकडे बघते.

आज मी तिला कॉलेजचं पुन्हा सांगायला घेतलं. वर्गातली ती मुलगी, वाचनालयाच्या फाटकाशी मी दोन तास तिची वाट बघत उभा, ती आली ती दुसऱ्याच्या गाडीवर बसून, आणि मी सूचनाफलकाची काच कोपराने फोडली. अकरा टाके. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. हे सगळं तिला पाठ आहे. तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड केलं होतं. कसलेली नटी.

१३ मार्च, शुक्रवार

काकांच्या टेबलावरची काच तडकली होती. मी दुकानातून मापाने कापून नेली. (मी काच-आरशाच्या दुकानात आहे. ज्याने काच फोडून कॉलेज सोडलं त्याने काचेच्याच दुकानात लागावं, यावर भावजी अजून हसतात.) काका विरघळले. मी हळूच तक्त्याचं काढलं.

"बघितलंस होय तू!" त्यांनी रजिस्टर छातीशी धरलं. "मी दाखवलं म्हणून सांगू नको बाबा."

"अखेरची संधी म्हणजे काय?"

"म्हणजे अखेरची. मॅडम आधी शाळेत शिकवायच्या. चांगली कायमची नोकरी सोडून आल्या हे शिकायला. एवढी एक केस पुरी झाली की पाटी लागली दारावर. नाही झाली तर घरी. वरच्या मोठ्या मॅडम फार कडक आहेत. दर गुरुवारी हिने वही घेऊन वर जायचं आणि तुम्ही काय बोललात, ही काय बोलली, शब्दन् शब्द वाचून दाखवायचा. खाली येते तेव्हा नाक लाल असतं."

"सर्दी असेल," मी म्हणालो.

"दर गुरुवारी?" काका म्हणाले.

१८ मार्च, बुधवार

दुकानात मालक नव्या पोऱ्यांना नेहमी सांगतात, "काच तोडायची नसते रे गाढवांनो. एक रेघ मारायची, मग ती आपणहून तुटते."

आज मी मुद्दाम घाण बोललो. तिच्याबद्दल. तिच्या अंगाबद्दल, मला रात्री काय सुचतं त्याबद्दल, एकेक शब्द निवडून, हळू, लिहून घ्यायला सोपं जावं असं. उद्या गुरुवार. उद्या तिला हे मोठ्या मॅडमसमोर स्वतःच्या तोंडाने वाचावं लागणार.

ती ऐकत राहिली. कान लाल झाले. मग म्हणाली, "हे सगळं तुम्ही माझ्याशी बोलताय असं वाटत नाही. कुणाला तरी ऐकवायचंय असं वाटतं."

क्षणभर वाटलं, पकडलं. पण नाही. तिला काय ठाऊक!

२० मार्च, शुक्रवार

काका म्हणाले, काल तासाच्या जागी दीड तास लागला, आणि खाली आल्यावर मॅडम जिन्यातच बसल्या होत्या थोडा वेळ.

रात्री झकास झोप लागली.

२७ मार्च, शुक्रवार

सोमवार बुडवला. बुधवार बुडवला. दोन्ही दिवस समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून तिच्या खिडकीकडे बघत होतो. दिवा चालूच. तिला वाटलं असेल आठवडा कोरा जातो. आज चार पस्तीसला शिरलो.

काका खेकसले, "कुठे उलथला होतास? दोन दिवस पन्नास-पन्नास मिनिटं बसून आहेत आत. मी म्हटलं, मॅडम, नाही येत तो, जा तुम्ही घरी. तर म्हणाल्या, वेळ त्यांची आहे, ते आले नाहीत तरी त्यांचीच आहे."

"हजेरी लागत असेल."

"कसली हजेरी! तू आला नाहीस की दिवस बाद. बसल्या काय नि उठल्या काय."

नाटकी आहे. काकांनी चार लोकांत सांगावं म्हणून बसते.

आत गेल्यावर मी माफीबिफी मागितली नाही. तिने उशिराबद्दल विचारलं नाही. उरलेली पंधरा मिनिटं दोघंही खिडकीकडे बघत बसलो. मग ती म्हणाली, "बँकेच्या पायरीची आठवण येतेय मला."

ते मीच तिला सांगितलेलं आहे. दुसरं कुणालाच नाही, ताई सोडून. मी आठ वर्षांचा. आईने बँकेच्या पायरीवर बसवलं, हातात पिशवी दिली, म्हणाली, "इथेच थांब, मी आले." बँक बंद झाली. शिपायाने कुलूप लावलं, मला ओलांडून गेला. अंधार पडल्यावर ताई शोधत आली. आई त्या दिवशी गेली ती गेलीच. मी पिशवी सोडायला तयार नव्हतो म्हणे, ताईने बोटं एकेक करून सोडवली.

ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही थांबलात. या वेळी दुसऱ्या कुणाला तरी त्या पायरीवर बसवून बघावंसं वाटत असेल."

मी म्हणालो, "वेळ झाली तुमची." घड्याळ न बघता. आणि झाली होती.

२८ मार्च, शनिवार

दिवसभर काम सुधरलं नाही. दोन आरसे वाया घालवले. तिला कसं कळतं? माणूस आपल्या आत असा हात घालतो, तो केवळ तक्त्यासाठी घालू शकतो का?

की हेसुद्धा शिकवतात तिथे?

३ एप्रिल, शुक्रवार

तिन्ही दिवस गेलो, वेळेवर. खरं लिहायचं तर ठरवलेलं सगळं सोडून द्यावंसं वाटतंय. बुधवारी मी रडलो. आईसाठी नाही, उगाच. तिने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला नाही, काही बोललीपण नाही, फक्त तशीच बसून राहिली, आणि मला ते कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

आज निघताना विचारलं, "मी बरा झालो की तुम्ही मला विसराल?"

ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

एवढं एक तिने केलं नसतं तर! साधं 'नाही' म्हणायला काय जात होतं? सव्वा वर्षात एक सरळ उत्तर नाही. मी कुत्र्यासारखा पायाशी लोळायचं आणि हिने म्हणायचं, तुम्हाला काय वाटतं.

मला वाटतं, एकाहत्तर आठवडे पुरेत.

८ एप्रिल, बुधवार

ताईने कॉलेजचा फॉर्म आणून ठेवला. दुसऱ्या वर्षाला पुन्हा प्रवेश. स्वतःच अर्धा भरलाय.

"मला नाही जायचं."

"का? आता तर माणसात आलास. वर्षभरात घरात एक कप फुटला नाही. नवा सेट घ्यायला निमित्त उरलं नाही मला."

भावजी पेपरातून म्हणाले, "फोड रे एखादा. बघवत नाही तिचं दुःख."

"त्या बाईंना एकदा भेटून यावं म्हणते," ताई म्हणाली. "पाया पडेन त्यांच्या. मी जन्मभर करून जमलं नाही ते त्यांनी केलं."

"काही केलेलं नाही त्यांनी," मी म्हणालो. "माझ्यावर शिकतायत त्या. न्हाव्याचं पोर भोपळ्यावर शिकतं तशा."

"शिकू देत की. तुझे केस तर बरे कापले गेले ना?"

ताईला वाटतं सगळ्या गोष्टींचा निकाल असा चहाच्या कपाबरोबर लागतो. मी आरडाओरडा केला नाही. फॉर्म घडी घालून या वहीत ठेवला.

१० एप्रिल, शुक्रवार

सत्तर झाले. काकांना विचारलं, केस क्रमांक दोन, मग एकचं काय झालं?

काकांनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं. मग आवाज खाली घेतला. "अकरावाला. तुझ्याएवढाच होता. दहा महिने आला. एक दिवस आतून शांतपणे निघाला, मला म्हणाला, येतो काका. परत आला नाही. मॅडमनी वर विचारलं, त्याच्या घरी फोन करू का? वरून सांगितलं, थांबा, असं मागे लागायचं नसतं, येईल आपणहून. दोन आठवड्यांनी त्याच्या घरूनच फोन आला." काकांनी नव्या काचेवरून हात फिरवला. "झालं ना मग. असल्या पोराला आपणच ओढून आणायचं असतं का काय, मला त्यातलं कळत नाही. पण त्या दिवसापासून कुणी आलं नाही तरी ह्या बसून राहतात."

"केस गेली, वाईट वाटलं असेल."

काकांनी माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. म्हणाले, "चार वाजले. जा."

१५ एप्रिल, बुधवार

आज फार गोड वागलो. हसलो, तिच्या नव्या चष्म्याचं कौतुक केलं. ती म्हणाली, "तुम्ही निरोप घेत असल्यासारखे बोलताय." मी म्हणालो, "छे! अजून तर आठवडा आहे."

तिने विचारलं, "आठवडा कशाला आहे?"

मी म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं?"

काय मजा आली!

१७ एप्रिल, शुक्रवार

दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काका म्हणाले, "काय चारवाले, मुलाखत आहे का कुठे?" मी म्हणालो, "हो, माझी नाही."

तिने दोन्ही दारं लावली. बसली. मीही बसलो. थोडा वेळ खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. मग म्हणालो, "आज शेवटचं. पुढचा आठवडा कोरा."

'कोरा'वर तिची पापणी हलली. म्हणाली, "तुम्ही तो तक्ता पाहिलाय."

"मार्चातच."

"आणि तेव्हापासून एकटेच घेऊन बसलात." मग जराशाने, "त्या कागदावर तुम्ही नुसते आठवडे म्हणून दिसला असाल. राग येणारच. तो कागद खरा आहे, मी नाही म्हणणार नाही. मला तो पुरा व्हायला हवा होता. पण या खोलीत जे झालं, तेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं."

"सुंदर. गुरुवारी वाचून दाखवा."

"हे मी वाचणार नाही."

मी म्हणालो, "बघा ना, आधी मी इथलं काहीतरी फोडलं असतं. आता आवाजसुद्धा चढलेला नाही. चांगलं शिकवलंत."

"हो," ती म्हणाली. "त्याचीच मला आज भीती वाटतेय."

मग मी ठेवणीतलं काढलं. "तुमचा पहिला. अकरावाला. तोही असाच शांतपणे उठून गेला ना? दोन आठवड्यांनी घरून फोन आला. माझ्या वेळी किती धरायचे?"

तिचा चेहरा असा झाला की मी तो जन्मभर विसरणार नाही. सगळं रक्त उतरलं. हातातली वही मांडीवरून खाली पडली, तिने उचलली नाही.

"तुम्ही जिवाचं काही करायचा विचार करताय का?" तिने विचारलं. "मला सरळ सांगा. हो की नाही."

माझ्या डोक्यात तसलं काही म्हणजे काही नव्हतं. उद्या सातला मालकांनी बोलावलंय, एका जिन्याला आरसे बसवायचेत. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी नुसता हसलो आणि तिच्याकडे बघत राहिलो. प्रश्न आला की गप्प बसायचं, समोरच्याला त्याच्याच मनातलं ऐकू येऊ द्यायचं. हे मी तिच्याकडूनच शिकलो, सव्वा वर्ष, आठवड्यातून तीनदा.

माझ्या डोक्यामागचं घड्याळ मला पहिल्यांदाच ऐकू आलं. टिकटिक करतं ते. सव्वा वर्षात कळलं नव्हतं.

रेघ मारून झाली होती. आता फक्त थांबायचं होतं.

"तू असं करू नकोस रे," ती म्हणाली.

तू. किती वेळा मी ते झोपण्याआधी तिच्या आवाजात म्हणून बघितलंय. आणि आलं ते असं, फाटक्या आवाजात, कुणा शेजारणीसारखं.

"एकदा ये. सोमवारी फक्त एकदा ये. माझ्याकडे नको असेल तर दुसऱ्या कुणाकडे बस, मी आत्ता वर जाऊन सांगते. तो तक्ता गेला चुलीत. तुझ्या ताईंचा नंबर आहे माझ्याकडे, मी त्यांना बोलावते. त्या येईपर्यंत..." ती उठली होती, दाराकडे निघाली होती, बोलता बोलता मागे वळून तिने हाताने मला बसवल्यासारखं केलं. "इथेच थांब, मी आले."

आणि ती जागच्या जागी थिजली. तिच्या तोंडातून काय गेलं ते तिला कळलं. हात तसाच हवेत.

एका आठवड्यासाठी माणूस किती खाली उतरतं! चुलीत म्हणे. एवढ्या विनवण्या तिने मी रडत होतो तेव्हा केल्या असत्या तर मी बहात्तर काय, सातशे आठवडे आलो असतो.

मी उठलो.

"मी चुकले," ती म्हणाली. "हे वाक्य... तुम्ही बसा. अजून वीस मिनिटं आहेत. तुमची आहेत."

"तुम्हीच बसा," मी म्हणालो. "वाट बघायची सवय आहे तुम्हाला."

ती बसली. खरंच बसली, माझ्या खुर्चीत, कारण तीच जवळ होती. तिथून तिला घड्याळ दिसत नव्हतं.

आतलं गादीचं दार मी उघडलं आणि माझ्यामागे ओढून घेतलं. मधल्या हातभर जागेत क्षणभर उभा राहिलो. आतून काही ऐकू आलं नाही. येतच नाही, त्यासाठीच केलंय ते. मग बाहेरचं दार. काकांनी मान वर केली, सवयीने दोन्ही हात कानांवर नेले.

मी दाराची मूठ दाबून धरली, दार चौकटीला टेकवलं आणि खटका हळूच सोडला. त्या पांढऱ्या डागावरचा एक कण पडला नाही.

"येतो काका," मी म्हणालो.